बाप, लेक आणि मुखवटा: आपल्या खानदेशातलं सुपरहिरो कॉमिक कसं लिहावं

बाप-लेकाच्या ताणाताणीचं सुपरहिरो कॉमिक लिहायला बसलात तर पहिलं काम हे करा: त्या घरात दोघांचं बोलणं कोणामार्फत चालतं ते शोधून काढा.

आमच्याकडे बहुतेक घरांत ते आईमार्फत चालतं. बाप भाकरी मोडता मोडता म्हणतो, "त्याले सांग, मोटार बंद करून ये म्हना." मुलगा हाताच्या अंतरावर बसलेला असतो. आई सांगत नाही, सांगायची गरजच नसते. मुलगा उठतो, मोटार बंद करून येतो आणि आईला म्हणतो, "केली." भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी हेच ऐकत मोठा झालो. वडील मालगाडीवर ड्रायव्हर. रात्री-बेरात्री कधीही ड्यूटीवरून यायचे, बूट काढता काढता आईला विचारायचे, "पेपर कसा गेला त्याचा?" मी शेजारच्या खोलीत जागा असायचो आणि त्यांना ते ठाऊक असायचं. त्या माणसाला माझी काळजी होती. ती माझ्यापर्यंत यायला रस्ता एकच होता, आणि तो स्वयंपाकघरातून जायचा.

सुपरहिरो कॉमिकमध्ये आईची ही जागा मुखवटा घेतो. उघड्या तोंडाने जे बोलता येत नाही ते मुखवट्याआडून बोललं जातं, केलं जातं, कधी ठोसा होऊन बाहेर पडतं. कादंबरीला, नाटकाला ही सोय सहजासहजी मिळत नाही. बाप-लेक एकमेकांना न ओळखता समोरासमोर उभे राहतात आणि वाचकाला मात्र दोघंही माहीत असतात. रविवारी कॉलनीतली मुलं माझ्याकडे कॉमिक काढायला बसतात, त्यांना मी सगळ्यात आधी एवढंच शिकवतो. उडणं, भिंतीवर चढणं, डोळ्यांतून किरण सोडणं हे नंतर.

आधी काय वाचायचं, आणि कसं

डेअरडेव्हिलचा पहिला अंक घ्या. 1964चा, स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांचा. जॅक मरडॉक हा उतरणीला लागलेला मुष्टियोद्धा. बायको नाही, एकच मुलगा, मॅट. जॅक त्याच्याकडून वचन घेतो, माझ्यासारखा हातापायांवर जगू नकोस, शिक. खेळायला जायचं नाही, मारामारी करायची नाही. मुलगा वचन पाळतो, गल्लीतली पोरं त्याला चिडवतात, आणि तो बापाच्याच व्यायामशाळेत चोरून घाम गाळतो. पुढे जॅकवर लढत हरण्यासाठी दबाव येतो. मुलगा समोर बसलेला असताना त्याला हरणं जमत नाही. तो जिंकतो आणि त्यापायी गोळी खातो. आता मॅटपुढचा पेच बघा. बापाच्या मारेकऱ्यांना धरायचं आहे, पण हात उचलायचा नाही हे वचन बापालाच दिलेलं आहे. त्याने काढलेली वाट अशी की वचन मॅटने दिलंय, दुसऱ्या कोणी दिलेलं नाही. म्हणून तो दुसरा कोणी, म्हणजे डेअरडेव्हिल होतो, पोशाख शिवतो, शिंगं लावतो.

हा अंक वाचताना वही जवळ ठेवा आणि एकच गोष्ट लिहून काढा: इथे मुखवटा काय काम करतोय? इथे तो बापाचा शब्द मोडूही देतो आणि पाळूही देतो. "आम्ही मातीत मेलो, तू शिक" असं म्हणणारा बाप आपल्याकडे चोपड्यात, पारोळ्यात घरोघर आहे. त्यामुळे जॅक मरडॉक न्यू यॉर्कचा असला तरी त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

मग तोच प्रश्न घेऊन बाकीच्यांकडे जा. हल्क बघा, म्हणजे राग आला की हिरवा राक्षस होणारा ब्रूस बॅनर. 1985च्या 312व्या अंकात बिल मँटलोने ब्रूस बॅनरचं बालपण उघडं केलं. बाप ब्रायन अणुसंशोधनात काम केलेला. आपल्या रक्तात काही बिघडलंय आणि पोरगं राक्षस निपजलंय या भीतीने पछाडलेला. तो मुलाला मारतो, आणि त्याला घेऊन निघून जाऊ पाहणाऱ्या बायकोचा जीवही घेतो. हल्कचा जन्म 1962चा, म्हणजे हा बाप वीसेक वर्षांनी मागून आला. पण तो आल्यावर आधीची सगळी मोडतोड वेगळी दिसायला लागते. लहान मुलाने जो राग गिळला तोच हिरवा होऊन उभा राहिलेला आहे. हा मुखवटा काढून ठेवता येत नाही.

हॅरी ऑस्बोर्नचं उलट. त्याचा बाप नॉर्मन म्हणजे ग्रीन गॉब्लिन, स्पायडरमॅनचा वैरी. 1973 साली नॉर्मन मरतो आणि पुढच्याच वर्षी हॅरी बापाचाच मुखवटा तोंडावर चढवतो. जिवंतपणी ज्या बापाने पोराला कधी पुरेसं मानलं नाही, त्याच्याजवळ जायचा पोराकडे उरलेला हा एकच मार्ग. 1993 साली, स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅनच्या 200व्या अंकात, हॅरी मरताना पीटरला, म्हणजे स्पायडरमॅनलाच, वाचवतो. तिथे तो पहिल्यांदा बापासारखा वागत नाही.

जेसन टॉड माझ्या विशेष जिव्हाळ्याचा. बॅटमनचा दुसरा रॉबिन, म्हणजे साथीदार पोरगा, पोटचा नव्हे, रस्त्यावरून उचलून आणलेला. 1988 साली त्याला ठेवायचं की मारायचं हे वाचकांच्या फोनवर सोडलं गेलं. 5,343 विरुद्ध 5,271 मतांनी तो मेला, बॅटमनचा वैरी जोकर याच्या हातून. 2005च्या सुमारास तो रेड हूड होऊन परत येतो, आणि वाचकाला वाटतं की हा विचारणार, मला वाचवायला का आला नाहीस? तो तसं विचारत नाही. त्याचा सवाल असा की मला मारणारा अजून जिवंत कसा? म्हणजे माझ्यासाठी तू कोणाचा जीव न घेण्याचा तुझा नियम मोडला नाहीस. तत्त्वाला धरून चालणारा बाप आणि "माझ्यापेक्षा तुला तुझं तत्त्व मोठं" म्हणणारा मुलगा. दोघांपैकी चूक कोण ते मला आजही ठरवता येत नाही, आणि म्हणूनच ती गोष्ट मी मुलांना परत परत वाचायला देतो.

रॉबर्ट कर्कमनच्या इन्व्हिन्सिबलमध्ये (2003 ते 2018, एकूण 144 अंक) मुलगा मार्क मुखवटा घालतो आणि बाप ओम्नी-मॅन उघड्या तोंडाने फिरतो. खरं लपवलेलं असतं ते बापाने. चेहरा उघडा ठेवूनही माणूस आयुष्यभर मुखवट्यात राहू शकतो, हे त्या एका पोशाखातून सांगितलंय. थोर-ओडिन थोडक्यात: तिथे बाप ओडिनच मुलावर, थोरवर, मुखवटा लादतो, त्याची आठवण पुसून त्याला लंगडा डॉक्टर करून पृथ्वीवर पाठवतो, का तर त्याला नम्रपणा यावा.

आणि आपला वेताळ. ली फॉकने 1936 साली सुरू केलेला, इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठी घरांत पोचलेला. माझ्या वयाच्या पोरांनी तो भाड्याने आणून वाचलाय, स्टेशनबाहेर खाटेवर मांडलेल्या ढिगातून. बापानंतर मुलगा, त्याच्यानंतर त्याचा मुलगा, असे एकवीस वेताळ. कवटीवर शपथ घ्यायची आणि तोच पोशाख अंगावर चढवायचा. जंगलातल्या लोकांना वाटतं हा एकच अमर माणूस आहे. कोणत्याही वेताळाला स्वतःचा चेहरा नाही. त्या गोष्टींत मुलगा नाही म्हणत नाही. तुमच्या गोष्टीत त्याला नाही म्हणू द्या. सातबाऱ्यावर नाव चढायच्या दिवशी तलाठ्यापुढे गप्प उभ्या राहणाऱ्या तरुणाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता स्वतःचं

बापाला आधी धंदा द्या, मग स्वभाव. रागीट, कडक, अबोल ही विशेषणं कोणत्याही बापाला चिकटतात आणि कोणालाही जिवंत करत नाहीत. धुळ्याच्या जिनिंगमधला मुकादम, जळगावच्या डाळमिलमधला हमाल, दीपनगरच्या वीजकेंद्रावरचा फिटर, रावेरचा केळीवाला हे चौघं एकाच कारणावरून चिडले तरी चौघांचं चिडणं वेगळं असतं.

मी शिकवताना जे उदाहरण घेतो ते सबंध सांगतो, कारण तुकड्यातुकड्याने ते कळत नाही.

बाप, आबा, यावल तालुक्यातला केळी बागायतदार. केळीला वर्षभर पाणी लागतं, ठिबक असलं तरी लागतंच. सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात विहिरी कधीच आटल्या, आता सगळा भरवसा बोअरवर, आणि बोअर दरसाल खोल जातंय. आबाचे बोअर एकामागून एक कोरडे निघालेत. तरी तो थांबत नाही, कारण थांबणं म्हणजे बाग मोडणं, आणि बाग त्याच्या बापाने लावलेली. मुलगा जळगावला कॉलेजात. त्याची शक्ती कोणती? जमिनीवर अनवाणी पाय टेकला की खालचं पाणी त्याला तळपायाला कळतं. किती खोल, किती, कुठून कुठे चाललंय, सगळं. आणि आपल्या शेताखाली काही नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

शक्ती अशी निवडायची. बाप-लेकात जे अडलंय तेच शक्तीच्या रूपाने मुलाच्या अंगात आलं पाहिजे. मुलाला उडता येतं आणि बाप कर्जात आहे, या दोन गोष्टी एकमेकींना शिवत नाहीत. कितीही पानं काढा, त्या वेगवेगळ्याच राहतील. इथे शक्ती वापरली तर बाप मोडतो, न वापरली तर बाप बुडतो.

आता मुखवटा. यासाठी आपल्याला शिवणकाम लागत नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की यावलच्या बसस्टँडवर उभा असलेला प्रत्येक जण पांढरा बागायती रुमाल डोक्यावरून घेऊन नाक-तोंड झाकून असतो, फक्त डोळे उघडे. तुमचा नायक तसाच रुमाल बांधून गावोगाव फिरतो, लोकांना पाणी दाखवतो, पैसे घेत नाही. लोक त्याला पाणाड्या म्हणतात. नारळ हातावर धरून पाणी सांगणारे पाणाडे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, त्यामुळे कोणी चक्रावत नाही. काढायलाही हे सोपं. रुमाल पांढरा सोडायचा, घड्या चार-पाच रेघांत येतात, आणि झेरॉक्समध्ये काळे भरलेले भाग जसे पट्टेपट्टे होतात तसा त्रास होत नाही.

मुलाचं न ऐकणारा आबा एक दिवस पाणाड्याला बोलवायला माणूस पाठवतो. गोष्ट इथे आहे. बाकी सगळं या भेटीपर्यंत पोचण्यासाठी.

बापाची बाजू लिहिताना हात आखडू नका. आबाचं बोलणं त्याच्या तोंडी नीट, पूर्ण, तर्काला धरून यायला हवं. तो बोअर का घेतो? कारण शेजाऱ्याला पाणी लागलं, शंभर पावलांवर. कारण बाग मोडून हरभरा लावला तर बँकेचा हप्ता निघत नाही. कारण मे-जूनच्या वादळात सगळी केळी आडवी झाली त्या साली, हे पोरगं लहान असताना, तो परत उभा राहिला होता. आणि तेव्हाही सगळे म्हणाले होते, सोड. वाचक त्या पानावर बापाच्या बाजूला झुकलाच पाहिजे. झुकला नाही, तर पुढे मुलाचं दुःख त्याला दुःख वाटणार नाही.

दारूडा बाप टाळा. दारू आहे हे खरं, पण कॉमिकमध्ये ती आली की वाचकाचा निकाल पहिल्याच पानावर लागतो. बापाला लवकर मारूनही टाकू नका. मेलेला बाप भिंतीवर हार घालून गप्प बसतो, मुलाला सोयीचं होतं. जिवंत ठेवा, रोज समोर येऊ द्या, रोज एकाच घंगाळातलं पाणी अंगावर घेऊ द्या.

बोली त्या घरातलीच ठेवा. यावल-रावेरकडे लेवा, अमळनेर-शिरपूरकडे अहिराणी, नंदुरबारच्या डोंगरात पावरी नि भिलोरी. दोन बोलींची भेळ करू नका. रुमाल बांधल्यावर मुलगा पुस्तकी मराठी बोलायला लागला तर आणखी चांगलं. ओळख लपवायला त्याच्याकडे तेवढंच आहे.

जेवणाचं पान

माझ्या मते सगळ्या कॉमिकमध्ये हे पान सर्वांत अवघड, मारामारीच्या पानापेक्षाही. त्यामुळे आधी तेच काढा.

सहा चौकटी घ्या, तीन ओळींत दोन-दोन. डावीकडच्या चौकटींत आबा, उजवीकडच्या चौकटींत मुलगा. दोघं एकाच पंगतीला आहेत, पण एका चौकटीत एकदाही येत नाहीत. आई कोणत्याच चौकटीत पूर्ण नाही. तिचा हात तेवढा डावीकडून उजवीकडे जातो, कळण्याची भाकरी घेऊन, दोन चौकटींमधली मोकळी पट्टी ओलांडून. आता फुगे. आबाच्या फुग्याची शेपटी आबाकडे असतेच, पण फुगा स्वतः उजवीकडे सरकवू नका. तो आईच्या हातावर टेकवा. "त्याले विचार, उद्या बोअरची गाडी येऊन राहिली, थांबतो का जळगावले जातो." मुलाचा फुगाही हातावरच. "थांबतो म्हना." पाचव्या चौकटीत आबा आणखी ठेचा मागतो. सहाव्या चौकटीत काहीच बोलणं नाही: मुलाचा उजवा पाय, गुडघा उभा, तळवा शेणाने सारवलेल्या जमिनीला लागलेला. तिथे एकही रेघ जास्त नको. वाचकाला शक्ती ठाऊक आहे, तो पाय पाहिला की खाली काय नाही ते त्याला कळतं.

पायाची चौकट मुलं हमखास बिघडवतात. पायाभोवती चमक काढतात, लाटा काढतात. खोडायला लावा. शक्ती दाखवायची जागा पुढे आहे.

बोअरचं पान

भांडण घरात लिहू नका, बोअरच्या गाडीशेजारी लिहा. गाडी तामिळनाडू पासिंगची, गाडीवरची पोरं तमिळ बोलणारी, रात्रीची वेळ, हॅलोजन लावलेला. रिग सुरू झाली की शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. हे तुमच्या फायद्याचं आहे. "घर्रर्रर्र" हे अक्षर चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड काढा आणि दोघांचे फुगे त्याच्या मागे दाबा, अर्धे शब्द झाकले जातील असे. मुलगा पहिल्यांदाच बापाशी थेट बोलतोय आणि ते वाचता येत नाही. वाचकाला फक्त "आबा", "नाही", "खाली" एवढं सापडतं.

फूट वाढत जातात तसे आकडे कोपऱ्यात लिहा: 200, 350, 500. बाहेर काय येतंय ते प्रत्येक वेळी काढा. आधी लाल माती, मग मुरूम, मग पांढरी भुकटी. पाणी लागलं की भुकटीचा चिखल होतो, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, म्हणून सगळे आवाजाकडे दुर्लक्ष करून भुकटीकडे बघत असतात. बापाचा चेहरा दाखवायचा तर भुकटीने पांढरा झालेला दाखवा. त्यालाही आता मुखवटा आलाय. हे कोणाच्या तोंडून वदवू नका.

ही कोरडी बोअर झाल्यावरच आबा पाणाड्याला बोलावतो.

भेट

रुमालातला मुलगा आणि समोर बाप. बाप त्याला "तुम्ही" म्हणतो, खाट पुढे करतो, पाणी देतो. आयुष्यात पहिल्यांदा मुलाला बापाकडून मान मिळतो, तोही परका म्हणून. इथे घाई करू नका, दोन पानं द्या. मुलगा चपला काढतो, शेतभर चालतो, परत येतो आणि सांगतो, पाणी नाही. आबा ऐकून घेतो. मग जे त्याने घरात कधीच कोणाला सांगितलं नाही ते तो या परक्याला सांगतो: "मला माहीत होतं. पोरगं परत येईल तर बाग असावी म्हणून."

मॅट मरडॉकच्या बाबतीत मुखवट्याने जे केलं तेच इथे घडतंय, फक्त बोलणारा बाप आहे. म्हणून वरचा अभ्यास आधी करायचा.

ओळख पटवायची की नाही हा तुमचा निर्णय. माझं मत, बापाला पटावी आणि त्याने बोलू नये. रुमालाची गाठ त्यानेच शिकवलेली असते, मानेमागे, डाव्या बाजूला. उठताना पाणाड्या पाठमोरा होतो आणि आबाची नजर तिथे जाते. पुरे. मिठी नको, "मला तुझा अभिमान आहे" तर नकोच. आपल्या घरांत ते वाक्य कोणी बोलत नाही आणि वाचणाऱ्याला ते लगेच परकं वाटतं. दुसऱ्या दिवशी जेवणाचं पान परत काढा, त्याच सहा चौकटी, फक्त एका फुग्याची जागा बदला. कोणत्या, ते तुम्ही ठरवा.

कागद ए-फोर, मधे दुमडलेला, चार कागदांचं सोळा पानी पुस्तक होतं. पेन्सिलीवर काळं जेल पेन चालतं. अक्षरं शेवटी न घालता आधी घाला, नाहीतर फुग्यांना जागा उरत नाही.

झेरॉक्सला टाकण्याआधी एक प्रत गावातल्या एखाद्या बापाला वाचायला द्या. स्वतःच्या नको, मित्राच्या. त्याच्या हातात देऊन समोर बसून राहा. "पोराचं बरोबर आहे" म्हणाला तर आबाच्या पानावर परत काम करा. "बापाचंच खरं" म्हणाला तर पायाची चौकट नीट उतरलेली नाही. आणि वाचून होताच त्याने बोअरला फुटाचा भाव काय लागला, केसिंग किती टाकलं हे विचारायला सुरुवात केली, तर पुस्तक तयार आहे, पन्नास प्रती काढा.